पोळ्याच्या दिवशी विझलेला लाल दिवा

मी चौथीपर्यंत शाळा शिकलो. पुढं मास्तरांशी पटलं नाही आणि बापाला शेतात माणूस हवा होता, म्हणून सुटलो. काना-मात्रा चुकला तर चुकला, पण जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यातलं अक्षरही वाढवून सांगणार नाही.

जळगावहून धुळ्याला निघालात की रस्त्याच्या उजव्या हाताला आमचं शिवार लागतं. कापूस, मका आणि मधे विहीर असेल तिथं केळी. या शिवाराच्या मधोमध धावपट्टी झाली. तिथं विमान चालवायला शिकवतात. देशभरातली पोरंपोरी येतात आणि दिवसभर डोक्यावर घरघर चालू असते. सुरुवातीला म्हशी दूध चोरायच्या, नंतर त्याही सरावल्या.

धावपट्टी आल्यानं एक गोष्ट झाली. गाव अलीकडे राहिलं आणि मारुती पलीकडे. एरवी लोक लांबच्या रस्त्यानं वळसा घालून दर्शनाला जातात, त्याचं काही नाही. पण पोळ्याला आमच्या गावची बैलं सरळ वाटेनं मारुतीला जातात. वळसा घालून नाही. धावपट्टी झाली त्या वर्षी तिथले साहेब म्हणाले, आता रस्त्यानं न्या. मी म्हणालो, बैल आधीचे, विमान नंतरचं. बरीच बोलाचाली झाली. शेवटी असं ठरलं की पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी शेवटचं विमान उतरलं की कुंपणाचं फाटक उघडायचं, बैलं पट्टी ओलांडून जातील आणि दर्शन करून रस्त्यानं घरी येतील. वर्षातून एकदा.

फाटक कधी उघडायचं, यावरून पहिल्या दोन-तीन वर्षी घोळ झाले. विमानांवर नजर ठेवायला तिथं टावर आहे, त्यावरून फाटकाला फोन यायचा होता, तो यायचा नाही. सजवलेली बैलं उभी राहून कंटाळायची, पोरं चेकाळायची. तेव्हा तोड मीच काढली. टावरच्या गच्चीला एक लाल दिवा आहे. विमान वर असेपर्यंत तो लावून ठेवा, शेवटचं उतरलं की विझवा. दिवा विझला की आमचा फाटकवाला फाटक उघडेल, मानाची जोडी तोरण तोडेल आणि पोळा फुटेल. लहान पोरालाही समजेल अशी रीत. साहेबांना आवडली. गावानं माझी पाठ थोपटली, आणि मीही ती थोपटून घेतली, कारण तोड खरंच चांगली होती. कितीतरी वर्षं ती बिनबोभाट चालली.

मानाची जोडी आमची. माझ्या आज्यापासून. म्हणून टावरवर आमंत्रण घेऊन जायचा मानही माझा. खापराच्या पुरणपोळ्या, तुपाची वाटी आणि नारळ घेऊन मी वर जातो, शेवटचं विमान उतरेपर्यंत तिथंच बसतो, आणि साहेबांनी माझ्यादेखत दिवा विझवला की खाली उतरून त्यांच्या जीपमधून थेट मारुतीला जातो. तोवर माझा धाकटा भाऊ जोडी घेऊन येतो.

त्या वर्षी टावरवर नव्या मॅडम होत्या. शिंदखेड्याकडची मुलगी, तिशीच्या आतली. मी जिना चढून धापा टाकत वर गेलो तर तिनं स्वतःची खुर्ची दिली आणि पाणी दिलं. म्हणाली, आमच्या आजोबांच्या घरीही पोळ्याला असाच वास येतो. मला बरं वाटलं. पण दिवस उतरत चालला होता आणि एक विमान अजून वर होतं.

मी म्हणालो, आज तरी लवकर आटपायचं होतं.

तिनं सांगितलं की दिवसभर ढग होते, त्यामुळं सगळ्यांना उशीर झाला. एकच मुलगी राहिली आहे. ती आज पहिल्यांदाच एकटी उडते आहे, शेजारी मास्तर नाही. दोन फेऱ्या मारील आणि उतरेल. मग तिनं एका यंत्रात तोंड घालून इंग्रजीत काही विचारलं आणि त्यातून एका पोरीचा बारीक आवाज आला. मॅडम हसली आणि मला म्हणाली, घाबरली आहे, पण चालवते छान.

त्या खोलीला चारी बाजूंनी काचा. खिडक्या बंद, थंड हवेचं मशीन गुणगुणत होतं. खाली आमचं गाव, फाटकाबाहेर बैलांची गर्दी, शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली. सगळ्यात पुढं माझी जोडी ओळखू येत होती, कारण झुली नव्या होत्या, सावद्याच्या बाजारातून आणलेल्या. डफ वाजत असणार, पण काचेतून ऐकू येत नव्हता. नुसते हात हलताना दिसत होते. पश्चिमेला, धुळ्याच्या अंगाला, काळं आभाळ चढत होतं.

तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे काही नवल नाही. मी हललोही नाही. पण थंड हवेचं मशीन बंद पडलं आणि त्या खोलीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मला बाहेरचा डफ ऐकू आला. संथ चालला होता, बैलं उभी असतानाचा ठेका. मॅडमसमोरचे कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले होते. तिच्या पायाशी बॅटरीचा एक डबा होता, तो टीं-टीं करू लागला. ती म्हणाली, काही नाही, बॅटरीवर चालेल, तोवर जनरेटर सुरू होतो. तिचं बोलणं संपायच्या आत डबा गप्प झाला. ती त्या यंत्रात पुन्हा बोलली. यंत्र मेलेलं होतं.

तिनं खाली हाक मारली. जनरेटरचा माणूस खालून ओरडून काहीतरी सांगत होता आणि जनरेटर नुसता घर्रर्र करत होता, पेटत नव्हता. मॅडमनं कपाटातून हातात धरायचा वायरलेस काढला, त्यात बोलली, थांबली, परत बोलली. पलीकडून फक्त खरखर.

मला अजूनही काही कळलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर गावात कुणी कुणी सांगत सुटले की आबांनी लगेच ओळखलं. आबांनी काही ओळखलं नाही. मी पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर धरून बसलो होतो.

मग डफाचा ठेका बदलला.

पोळा फुटतो तेव्हा डफ जसा वाजतो, तसा वर्षात दुसऱ्या कुठल्याही वेळी वाजत नाही. झोपेतल्या माणसालाही कळतं. मी तो ऐकला. लाईट गेली, म्हणजे गच्चीवरचा लाल दिवाही गेला. दिवा गेला, म्हणजे फाटक उघडलं.

मी उठलो. डबा खाली पडला, पोळ्या फरशीवर पसरल्या. मी फक्त हात करून दाखवला. फाटक सताड उघडं होतं. तोरण तुटलं होतं. माझी जोडी गवत ओलांडून पट्टीच्या काळ्या डांबरावर पाय ठेवत होती आणि मागून अख्खं गाव.

मॅडमनं पाहिलं. "हे आत कसे आले?" तिनं विचारलं.

"दिवा विझला," मी म्हणालो.

तिचा चेहरा क्षणभर असा झाला की मला वाटलं, ही आता रडणार. ती रडली नाही. तिनं पश्चिमेकडे पाहिलं. काळ्या ढगासमोर एक पांढरा ठिपका वळला होता आणि आमच्या दिशेनं सरळ खाली येत होता. ती पोरगी उतरायला निघाली होती.

भिंतीवर पिस्तुलासारखा एक मोठा बॅटरीचा दिवा टांगलेला असतो. मला तोवर तो शोभेचा वाटायचा. मॅडमनं तो ओढून काढला, दार लाथेनं उघडून गच्चीवर गेली आणि त्या ठिपक्यावर नेम धरल्यासारखा धरला. लाल उजेड. मी तिच्यामागं गेलो. तिचे हात दगडासारखे स्थिर होते. ओठ तेवढे हलत होते. ती हळू आवाजात म्हणत होती, "इकडे बघ ग. बाई, इकडे बघ."

ठिपक्याचं विमान झालं. विमानाला चाकं दिसू लागली. ती पोर इकडे बघत नव्हती. खाली डफ वाजत होता, घुंगरमाळा वाजत होत्या, आणि त्या आवाजात विमानाचा आवाज कुणालाच ऐकू जात नव्हता. माझा भाऊ जोडीच्या पुढं नाचत होता. मी ओरडलो. माझ्या आवाजाला शिवारात मान आहे, विहिरीवरून हाक मारली तर पलीकडच्या बांधावर जाते. त्या दिवशी तो माझ्या स्वतःच्या कानापर्यंतही आला नाही.

मग ते विमान बैलांच्या अलीकडे, जमिनीला टेकता टेकता, एकदम नाक वर करून उठलं. असा आवाज झाला की टावरच्या काचा थरथरल्या. झुलींवरून ते गेलं. किती उंचीवरून ते मी सांगू शकत नाही, मला तर ते शिंगांना लागलं असंच वाटलं. माणसं डांबरावर आडवी पडली. बैलं उधळली. डफ थांबला.

मॅडमनं दिवा खाली केला नाही. विमान वर जाऊन वळेपर्यंत ती त्याच्यामागं लाल उजेड फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलली. त्यात विनंती नव्हती, रागही नव्हता. माझ्याशी त्या आवाजात माझा बापही कधी बोलला नाही.

"आबा, ती एक फेरी मारून परत येईल. त्यानंतर ढग येईल डोक्यावर, मग तिला काही दिसणार नाही. तेवढ्यात पट्टी मोकळी पाहिजे. खाली जीप आहे. तुमची माणसं तुमचंच ऐकतील. जा."

मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. जीपवाल्यानं मला ओढून आत घेतलं एवढं आठवतं.

पट्टीवर पोचलो तेव्हा लोक उठून एकमेकांना चाचपत होते. कुणाला लागलं नव्हतं, आणि ते कळल्याबरोबर सगळे एकदम बोलू लागले होते. बरीचशी बैलं पुन्हा हाती आली होती. आणि माझा भाऊ ती घेऊन पुढंच निघाला होता, मारुतीकडे. पण पुढं पट्टी आडवी पसरलेली, तिच्यापलीकडे पावसानं भरलेला चर, त्यावर एकच अरुंद फरशी, पुलासारखी टाकलेली. अख्खा पोळा त्या फरशीवरून एकेक करत जाईपर्यंत ती पोर येऊन टेकली असती. मागं फाटक रुंद होतं. मागं फिरणं हाच एक मार्ग.

मी सांगितलं, मागं फिरवा.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्यानं माझा शब्द मोडलेला नाही. तो म्हणाला, "आबा, पोळा फुटना. फुटेल पोळा मांगे फिरावतस का कोणी? तूच सांगेल शे."

खरं होतं. मीच सांगितलेलं. फुटलेला पोळा मागं फिरला की गावावर वर्षभर साडेसाती, असं माझा आजा सांगायचा आणि मी सगळ्यांना सांगायचो. एका वर्षी पावसानं चर फुगला होता, तरी मी मागं फिरू दिलं नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यातून बैलं नेली होती, आणि त्याची गोष्ट मी दर पोळ्याला मोठ्या आवाजात सांगायचो. माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. कुणीतरी मागून म्हणालं, आबाला भोवळ आली असेल.

मी भावाला म्हणालो, "वर देख. त्यामा एक पोर शे. एकली."

त्यानं वर पाहिलं. विमान दूर वळत होतं. त्याला एकच मुलगी आहे, धुळ्याला नर्सिंग शिकते. त्यानं उजव्या बैलाचा कासरा धरला आणि फाटकाकडे तोंड केलं. मानाची जोडी फिरली म्हटल्यावर बाकीच्यांनी वाद घातला नाही. कुणी शिव्या दिल्या, कुणी हात जोडले, पण फिरले. म्हातारी माणसं तोंडाला पदर, उपरणं लावून चालत होती, जसं काही प्रेत मागं चाललंय.

फिरला नाही तो माझा डावा बैल. गडबडीत त्याची वेसण तुटली होती आणि तो पट्टीच्या बरोबर मधोमध पांढऱ्या रेघेवर चारी पाय रोवून उभा होता. घरातले नेहमी म्हणायचे, हा मालकावर गेलाय. मी म्होरकीला धरून ओढलं. तो हलला नाही. पाठीवर थाप मारली, कानात बोललो, लहानपणापासून बोलतो तसं. तो थरथरत होता आणि डोळे पांढरे करून आभाळाकडे बघत होता. जीपवाला हॉर्न वाजवत होता, त्यानं तर तो अजूनच थिजला. मागं वळून पाहिलं तर विमान पुन्हा सरळ झालं होतं.

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्याला दावं जाचू देत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीनं मळतो आणि वर्षभर मारलेल्या फटक्यांची माफी मागतो. त्या दिवशी त्याच्यावर हात उचलणारा माणूस मी माझ्या हयातीत पाहिला नव्हता.

मी जीपमधला दांडा घेतला आणि त्याला मारलं. त्या नव्या झुलीवर, मळलेल्या खांद्यावर. एकदा मारूनही तो हलला नाही, म्हणून परत मारलं. तो असा ओरडला की पुढं गेलेले लोक थांबून वळून बघू लागले. मग तो पळाला. गवतातून, कुंपणाकडे. मी त्याच्यामागं धावलो आणि गवतात पडलो, आणि पडल्या पडल्या ते विमान माझ्या पायाकडून येऊन पट्टीवर टेकलं. एकदा उसळलं, पुन्हा टेकलं, आणि घरंगळत पार टोकाला जाऊन थांबलं. लगेच पावसाचे टपोरे थेंब आले.

तेव्हा जनरेटर सुरू झाला. टावरवरचा लाल दिवा लागला. तो बघून मला जे वाटलं ते लिहिण्याजोगं नाही.

मुलगी खाली उतरली. ती पट्टीवरच बसली. कोवळं पोरगं, केस आखूड कापलेले, आमच्याकडची नव्हती, मोडकंतोडकं हिंदी बोलत होती. मॅडम टावरवरून पावसात पळत आली आणि तिला जवळ घेतलं. मी जवळ गेलो. मॅडमनं तिला विचारलं, लाल दिवा दिसला ना. ती पोर मान हलवून नाही म्हणाली. दिवा तिला पहिल्या वेळी दिसलाच नव्हता. वायरलेस बंद पडला म्हणून तिनं घाबरून डोळे पट्टीवर खिळवले होते. पट्टीवर तिला रंग दिसले. "मुझे लगा किसी ने कपड़े सुखाने डाले हैं," ती म्हणाली. कुणीतरी इथं रंगीत कपडे वाळत घातलेत, त्यावरून कसं उतरू, म्हणून तिनं विमान वर घेतलं.

मॅडम हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी तिथंच उभा होतो. मला हसू येईना. सावद्याच्या बाजारात झूल घेताना भाऊ म्हणाला होता, एवढी भडक कशाला, आणि मी हट्टानं घेतली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. फुकट श्रेय मी कधी घेत नाही.

बैलं त्या संध्याकाळी पावसात रस्त्यानं मारुतीला गेली, वळसा घालून. बायकांनी घरी परत ओवाळलं. डाव्या बैलाच्या खांद्यावर वळ उठला होता. मी पुरणपोळी त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं वास घेतला आणि मान फिरवली. भावानं माझ्या हातातून पोळी घेतली आणि धरली, तेव्हा त्यानं खाल्ली.

काही दिवसांनी मॅडम आमच्या घरी आली. मला वाटलं, आता पोळ्याची वाट बंद करायचं सांगायला आली, आणि मी भांडायच्या तयारीत ओट्यावर बसलो. तिनं चहा घेतला आणि म्हणाली की वाट राहील, पण रीत उलटी करायची. दिवा विझला की फाटक उघडायचं नाही. टावरवरून हिरवा दिवा लावला की उघडायचं. लाईट गेली, बॅटरी गेली, माणूस बेशुद्ध पडला, काहीही झालं तरी हिरवा आपोआप लागत नाही. नाही लागला तर बैलं उभी राहतील, बास.

इतक्या वर्षांची माझी तोड, गावानं पाठ थोपटलेली, आणि तिच्यात एवढी साधी खोट होती. ती कुणाच्याही नजरेला आली नव्हती. तिच्या आधीच्या साहेबांच्याही नाही. मग मी विचारलं, आणि हिरवा लावूनही वर विमान असलं तर?

"तर मग आबा," ती म्हणाली, "तुम्ही वर बघा."

पुढच्या पोळ्याला हिरवा दिवा लागला. मी त्या वर्षी टावरवर गेलो नाही, आमंत्रण घेऊन भावाला पाठवलं आणि डाव्याचा कासरा स्वतः धरून फाटकाशी उभा राहिलो. फाटकवाल्यानं कडी काढली. डफवाल्यानं काठी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहिलं. माझ्यामागं सगळ्या गावानं माना वर केल्या, बायकांनी, पोरांनी, सगळ्यांनी. आभाळ मोकळं होतं. तरीही बराच वेळ कुणी हललं नाही.

मग डाव्यानं मला ढुशी दिली आणि तो चालू लागला.